लाट आली, तरी मत हललं नाही

लोकसभा मतदारसंघांचा आजचा नकाशा समोर घ्या आणि त्यात 'राजापूर' शोधून काढा पाहू. नाही ना सापडत? सापडणारच नाही! मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून आपला मतदारसंघ 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' झाला. राजापूर हे गाव आणि तालुका जागच्या जागी आहेत, पण त्या नावाचा मतदारसंघ मात्र इतिहासजमा झाला. आपलं मालवण, वेंगुर्लं, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, देवगड हे सगळं त्यात होतं. तुमच्या आजी-आजोबांनी मत दिलं ते या राजापूरला.

आणि काय मत दिलं म्हणून सांगू! १९५७ ते १९८९ या काळात तिथे लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या. त्या आठही निवडणुकांत मिळून फक्त दोनच माणसं निवडून आली. पहिले तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै आणि पुढचे पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते. तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? एकच माणूस पुन्हा पुन्हा निवडून येतो असे मतदारसंघ देशात पुष्कळ आहेत. खरं आहे. पण तिथे बहुतेक वेळा पक्ष मोठा असतो, नाहीतर घराणं मोठं असतं, नाहीतर साखर कारखाना तरी असतो. इथे यातलं काहीच नव्हतं. नाथ पैंचा प्रजासमाजवादी पक्ष छोटा. दंडवते आधी त्याच पक्षाचे, मग जनता पक्षाचे आणि शेवटी जनता दलाचे. आणि दोघांत नातं म्हणाल, तर एका विचाराच्या सोबत्यांचं, एवढंच.

निवडणुकीतली 'लाट' हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. एखाद्या वर्षी एखाद्या पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या बाजूने सगळा देश असा लोटतो, की त्या पक्षाच्या नावावर कोणीही उभा राहिला तरी निवडून येतो. आपण समुद्रकाठची माणसं, लाट म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आता हे आकडे बघा. १९६२ साली महाराष्ट्रातल्या ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसला मिळाल्या. राजापुरात नाथ पै आले. १९७१ साली ४५ पैकी ४२ काँग्रेसला. राजापुरात दंडवते आले. १९८४ साली ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दोनच महिन्यांत निवडणूक झाली. सारा देश हळहळत होता. काँग्रेसला ४०० हून अधिक जागा मिळाल्या, दंडवत्यांच्या जनता पक्षाला साऱ्या देशात जेमतेम १०. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसकडे गेल्या. राज्यातून जनता पक्षाचा एकच खासदार दिल्लीला पोचला. कुठून? राजापुरातून!

इथे एक प्रामाणिकपणाची गोष्ट सांगायला हवी. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे वारं काँग्रेसच्या विरुद्ध होतं. १९७७ साली आणीबाणीनंतर जनता पक्षाचीच लाट होती. तेव्हा त्या दोन वर्षांच्या विजयाचं श्रेय मी मतदारांच्या पारखीला देणार नाही. लाट आपल्या बाजूने असताना होडी पुढे गेली तर त्यात वल्हवणाऱ्याची परीक्षा होत नाही. परीक्षा झाली ती ६२, ७१ आणि ८४ साली.

मग लोकांनी या दोघांत पाहिलं तरी काय?

नाथ पै आपल्या वेंगुर्ल्याचे. जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, मग विलायतेला जाऊन ते बॅरिस्टर झाले. जगभरच्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. पण हे झालं संसदेबाहेरचं. खासदार झाल्यावर काय केलं ते महत्त्वाचं. ते उत्तम बोलत हे तर आजही जुनी माणसं डोळे मिटून सांगतात. मात्र नुसतं छान बोलणं वेगळं आणि अभ्यास करून बोलणं वेगळं! १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला, की घटनेतले मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाही. नाथ पैंना हे पटलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्यासाठी स्वतःचं विधेयक मांडलं. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाला 'खासगी विधेयक' म्हणतात. ते मंजूर होणं फार दुर्मीळ. नाथ पैंचंही झालं नाही. पण देशातल्या मोठमोठ्या कायदेपंडितांना त्याची दखल घ्यावी लागली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९७१ साली, सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला. पुढे १९७३ साली न्यायालयाने त्याला एक मर्यादाही घातली: दुरुस्ती करा, पण घटनेचा मूळ ढाचा मोडू नका.

आता नाथ पैंचं म्हणणं बरोबर होतं का? यावर वकील मंडळी आजही वाद घालतात, आणि मला स्वतःला ती १९७३ ची मर्यादा आवश्यकच वाटते. तरीही मी त्या काळात असते तर नाथ पैंनाच मत दिलं असतं. आपल्याला पटेल तेच बोलतो म्हणून एखाद्याला निवडायचं, की मन लावून, वाचून, विचार करून बोलतो म्हणून निवडायचं? तुम्ही तुमचं ठरवा, बरं का.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै अचानक गेले. वय अवघं ४८. पुढच्या मार्चमध्येच निवडणूक होती. पक्षाने उभे केले ते मधु दंडवते. हे मूळचे अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. म्हणजे ना कोकणातला जन्म, ना मालवणी बोली! 'आपलो माणूस' म्हणून मत द्यायचं असतं तर त्यांचा अर्ज भरण्यातही अर्थ नव्हता. तरी ते निवडून आले.

तुमच्यापैकी ज्यांचे बाबा-काका मासेमारीला जातात त्यांना एक विचारते. तांडेल कसा निवडतात? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली किती खडक आहेत तुम्हाला ठाऊक आहे. तिथून होडी नेताना तांडेल आपल्या वाडीतला आहे का, आपल्या भावकीतला आहे का, लग्नाला आला होता का, हे कोणी बघतं? त्याला वारा कळतो का, खडक कुठे आहेत ते माहीत आहे का, आणि वादळात तो डोकं शांत ठेवतो का, एवढंच बघतात. कारण सरळ आहे, जीव आपला असतो.

दंडवत्यांचं वादळ १९७५ साली आलं. आणीबाणी लागली तेव्हा ते एका संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. तिथेच त्यांना पकडलं आणि अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी यांच्यासोबत तिथल्याच तुरुंगात ठेवलं. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. माफीची पत्रं लिहून सुटणारेही काही होते त्या काळात. हे दोघे त्यांतले नव्हते. १९७७ साली सरकार बदललं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. तुमच्यातल्या कोणी रेल्वेने मुंबई गाठली असेल तर शयनयानाच्या डब्यातला बाक आठवा. त्यावर गादी असते ना? पूर्वी दुसऱ्या वर्गाचे बाक नुसत्या लाकडी फळ्यांचे असत. पहिल्या वर्गाला मऊ गाद्या आणि गरिबाच्या पाठीला फळी! दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर दोन इंच जाडीचे फोम बसवण्याचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा 'गीतांजली एक्स्प्रेस' सुरू झाली, तीत तर पहिला वर्ग ठेवलाच नाही. दोन इंचाची गोष्ट, पण रात्रभर प्रवास करणाऱ्याला तिची किंमत विचारा.

आणि कोकण रेल्वे? या मार्गासाठी अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, नाथ पैंनीही आवाज उठवला होता. १९८९ साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, असा योग आला. १९९० च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. ९० च्या वर बोगदे, सुमारे २००० लहानमोठे पूल. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

पण गाडी धावण्याच्या कितीतरी आधी, १९९१ सालीच, राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पाडलं! काँग्रेसचे मेजर सुधीर सावंत निवडून आले.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं चिडलीच. "बाई, त्येनी रेल्वे हाडली आणि लोकांनी त्येंकाच पाडल्यानी? ह्यां बरोबर नाय!" असं सातवीतली एक मुलगी तावातावाने म्हणाली. कृतघ्न म्हणायचं का या लोकांना? मला तसं वाटत नाही. मत म्हणजे मागच्या कामाची बिदागी नव्हे. पुढची पाच वर्षं कोणी काम करायचं हे ठरवण्यासाठी ते असतं. १९९१ पर्यंत सिंग सरकार पडलं होतं, जनता दल फुटलं होतं, मंडल आणि मंदिर या दोन प्रश्नांवर सगळा देश ढवळून निघाला होता. नवा माणूस हवा असं वाटण्याचा हक्क लोकांना आहेच. मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जे राजापूर तीन लाटांत हललं नव्हतं तिथेही नंतरच्या काळात 'उमेदवार कसा' यापेक्षा 'पक्ष कुठला' हीच चर्चा पारावर आणि मासळीबाजारात जास्त ऐकू येऊ लागली. हे फक्त इथलं नाही म्हणा. सगळीकडचंच आहे.

आता तुमच्या आमच्यावर येऊया.

आम्हा प्राथमिक शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी असते हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी शाळेचा वर्ग म्हणजे मतदान केंद्र. दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याकडे शाईची बाटली असते. मतदाराच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढायची. ही शाई कर्नाटकात म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि १९६२ पासून वापरली जाते. एकदा माझ्याकडे शाईचं काम होतं. एक म्हातारी आजी नातवाचा हात धरून आल्या. शाई लावून घेतली आणि मोठ्याने मलाच विचारतात, "गे बाय, खंयचां बटाण दाबू?" सगळं केंद्र हसलं. बटण कसं दाबायचं ते आम्ही सांगू शकतो, कुठलं ते मात्र कुणीच सांगायचं नाही. तसं म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "मगे घराकडे सगळे सांगीत होते ते!" आणि आत गेल्या. आत त्यांनी कुठलं बटण दाबलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हल्ली यंत्राशेजारी काचेतून सात सेकंद चिठ्ठी दिसते, आपलं मत कुणाला गेलं ते कळतं. पण ती आपल्यालाच दिसते, दुसऱ्याला नाही. म्हणून घरच्यांनी, वाडीने, मुंबईच्या चाकरमान्याने कितीही सांगितलं तरी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण एकटे असतो. कोणीही पसंत नसेल तर 'नोटा'चं बटणही २०१३ पासून आहे.

आदल्या रात्रीच्या पाकिटांबद्दल तुम्ही मोठ्यांचं बोलणं ऐकलं असेल. मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहेच, पण घेणं हाही गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. आणि ज्यांना गणित आवडतं त्यांनी हे करा: ५०० रुपये भागिले पाच वर्षांचे दिवस १८२६. उत्तर साधारण २७ पैसे. दिवसाला २७ पैसे! २७ पैशांत हल्ली लिमलेटची अर्धी गोळीसुद्धा येत नाही.

लिमलेटवरून आठवलं. आमच्या शाळेत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. एका वर्षी मुख्यमंत्रिपदासाठी दोन मुली उभ्या होत्या. एकीने सर्वांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. दुसरीने फळ्यावर लिहून ठेवलं, 'पाण्याची टाकी दर शनिवारी धुणार.' गोळ्यावाली सहा मतांनी निवडून आली! महिन्याभरात टाकीत शेवाळ धरलं आणि मुलं माझ्याकडे, "बाई, तिका काढा." मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तुम्हीच तिला नेमलंय, मी कशी काढू? मात्र लोकसभेत खासदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात, तसं तुम्हीही विचारा. मग दर शनिवारी शेवटचा अर्धा तास प्रश्नोत्तराचा ठरला. पहिल्या शनिवारी तिला २३ प्रश्न आले, त्यातले बहुतेक टाकीचेच. दुसऱ्या शनिवारी बाईसाहेब घरून ब्रश घेऊन आल्या आणि स्वतः टाकीत उतरल्या. वर्षअखेर म्हणाल तर तिच्याइतकी चांगली मुख्यमंत्री आमच्या शाळेला मिळाली नव्हती.

त्याच वर्गात मी एक प्रश्न दिला होता: खासदाराने काय काम करावं? उत्तरं आली ती अशी. वाडीतला रस्त्यावरचा दिवा लावावा. नळाला पाणी आणावं. साकव बांधावा. आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेला ढाल द्यावी. मुलांचं काय चुकलं म्हणा, मोठी माणसंसुद्धा हेच मागतात. पण रस्त्यावरचा दिवा हे ग्रामपंचायतीचं काम. मालवणसारख्या शहरात ते नगर परिषदेचं. खासदाराचं मुख्य काम दिल्लीला आहे. कायदे करणं, सरकारच्या जमाखर्चावर लक्ष ठेवणं, मंत्र्यांना प्रश्न विचारणं. मासेमारीचे नियम, बंदरं, रेल्वे, डिझेलवरचा कर, यातलं कितीतरी तिथे ठरतं. दिवा लागला नाही म्हणून खासदाराला पाडायचं आणि ढाल दिली म्हणून निवडून आणायचं, हे म्हणजे गणिताच्या पेपरात चित्र छान काढलं म्हणून पैकीच्या पैकी देण्यासारखं आहे.

दिव्यासाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी साधारण ती भरते. झेंडावंदनाचा खाऊ घेऊन तुम्ही घरी पळता तेव्हा ती सुरू होत असते! एकदा मागे बसून ऐका. खर्चाचा हिशेब वाचला जातो तेव्हा किती खुर्च्या रिकाम्या असतात ते मोजा.

उमेदवार कसा आहे हे शोधण्याची सोय मात्र आजी-आजोबांपेक्षा आज आपल्याला जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि त्याच्यावर खटले असतील तर तेही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येतं. खासदाराने लोकसभेत विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणं लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. घरातल्या मोबाइलवर अर्धा तास रील बघून झाली, की पाच मिनिटं हेही बघून दाखवा मोठ्यांना.

फक्त एक सांगते. प्रतिज्ञापत्रातली पदवी बघून भुलू नका. नाथ पै बॅरिस्टर होते, दंडवते प्राध्यापक होते, पण पदवी म्हणजेच गुणवत्ता नव्हे. तमिळनाडूचे कामराज साधारण अकरा वर्षांचे असताना शाळेतून बाहेर पडले. पुढे ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी गावोगावच्या शाळांत मुलांना दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली. आपल्या शाळेत शिजणारी खिचडी ज्या कल्पनेतून आली, ती रुजवणाऱ्यांत हा कमी शिकलेला माणूस होता.

आणि मतदानाचं वय? तेही आपोआप नाही मिळालं. १९८९ पर्यंत २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मत देता येत नसे. त्या वर्षी ६१ वी घटनादुरुस्ती लागू होऊन ते १८ झालं. आता तर १७ पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो, आणि वर्षातून चार तारखांना नाव यादीत येऊ शकतं: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. जे आज नववी-दहावीत आहेत त्यांना फार थांबायचं नाही.

तोवर एक गृहपाठ. घरात ज्यांनी १९७१ किंवा १९८४ साली मत दिलं असं कोणी असेल, तर त्यांना त्या निवडणुकीबद्दल विचारा. सभा कुठे झाली, चालत गेलात की एसटीने, भाषणातलं काय आठवतं, घरात भांडणं झाली का, आणि उमेदवाराबद्दल कोण काय म्हणत होतं. लिहून आणा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हा गृहपाठ केला. वहीची दोन पानं भरून आजोबांच्या आठवणी आणल्या. शेवटी त्याने विचारलं होतं, "आजोबा, तुमी मत कोणाक दिलास?" उत्तर त्याने तसंच उतरवून आणलं: "तां गुपित आसा."